नाही म्हणताय ना, मग लिहून द्या

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लोक जन्मतारीख बघतात आणि जात बघतात. खाली 'वर्तणूक' म्हणून एक रकाना असतो, तिकडं कुणाची नजर जात नाही, कारण तिथं 'चांगली' याशिवाय दुसरा शब्द कुणी पाहिलेलाच नसतो. लोहा आणि कंधार तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी नोकरी झाली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि लातूरला घर केलं. किती दाखले लिहिले त्याचा हिशेब नाही. जनरल रजिस्टर उघडायचं, नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा उतरवून घ्यायची, आणि वर्तणुकीच्या ओळीवर आलं की हात न विचारता 'चांगली' लिहून पुढं सरकायचा. माझ्या नातवाच्या दाखल्यावर त्या जागी 'असमाधानकारक' होतं. शाळा सोडण्याचं कारण मात्र सभ्य भाषेत लिहिलेलं : 'पालकांच्या विनंतीवरून'.

ही विनंती कशी झाली ते आधी सांगतो.

नातू नांदेडला, आईबापाजवळ, तरोडा नाक्याच्या भागात राहायचा. सातवीत होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात त्यानं घरात उरलेला सुतळी बॉम्ब दप्तरातून नेला आणि मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीत लावला. बेसिन फुटलं. आतल्या बाजूला पाचवीतलं एक लेकरू होतं, ते याला दिसलं नव्हतं. त्या लेकराला काही दिवस एका कानानं धड ऐकू येईना, रात्री झोपेतून दचकून उठायचं. जावयांनी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, तपासण्या आणि औषधांचा खर्च केला. पडदा शाबूत निघाला म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बेसिनचे पैसेही भरले. मी नांदेडला गेलो तेव्हा पोराला समोर बसवून विचारलं, "कामून केलंस रे?"

"आवाज किती येतो बघायचा होता, अप्पा."

याच्या पलीकडं त्याच्याकडं कारण नव्हतं. त्याआधीच्या तक्रारीही खऱ्याच होत्या. सायकलींची हवा सोडणं, गणिताच्या सरांची नक्कल, डबे पळवणं. 'पोरगं खोडकर आहे, पण मनानं चांगलं आहे' हे वाक्य मी या सगळ्या प्रकरणात कुणालाही ऐकवलं नाही. पालक ते वाक्य घेऊन दारात येतात तेव्हा मुख्याध्यापकाच्या मनात काय येतं, ते मला ठाऊक आहे.

शाळेनं त्याला शिक्षा करावी याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. शिक्षा झालीही. खेळाचा तास बंद, स्नेहसंमेलनातून नाव कमी, त्या लहान मुलाच्या घरी जाऊन माफी. ती माफी जावयांनी स्वतः बरोबर जाऊन मागायला लावली. वार्षिक परीक्षा झाली, आम्हाला वाटलं विषय मिटला. पण निकालाच्या दिवशी माझ्या मुलीला ऑफिसात बोलावून घेतलं. "आम्ही काढत नाही मॅडम, तसं आम्हाला करता येत नाही. तुम्हीच अर्ज द्या. नाहीतर त्या लहान मुलाचे पालक पोलिसात जायचं म्हणायलेत." अर्ज टाइप करून तयार होता, फक्त सहीची जागा मोकळी. मुलीनं सही केली. बाहेर येऊन तिनं मला फोन केला तेव्हा दाखला तिच्या हातात होता. एरवी दाखल्यासाठी पालकांना आठ-आठ दिवस चकरा माराव्या लागतात, हा मात्र हातोहात मिळाला.

'तसं आम्हाला करता येत नाही' हे त्यांचं बोलणं अगदी खरं होतं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नापास न करण्याचा भाग २०१९ मध्ये बदलला, पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून न टाकण्याचा भाग मात्र जसाच्या तसा आहे. म्हणून मग शाळा काढत नाही, पालक 'विनंती' करतात. शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या कुणालाही ही वाट दाखवावी लागत नाही.

नांदेडच्या शाळेशी भांडून त्याला तिथंच बसवावं, असा माझा पहिला विचार होता. मुलगी म्हणाली, "अप्पा, तिथं बसवून काय करायचं? सगळी शाळा त्याला बॉम्ब म्हणून हाक मारायली." हे मला पटलं. मग ठरलं की दोन-तीन वर्षं तो आमच्याकडं राहील. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला पोरं येतच असतात. सगळा मराठवाडा लातूर पॅटर्नपायी पोरं इकडं पाठवतो, उद्योग भवनाच्या बाजूला ट्यूशन एरियात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. आमचं पोरगं पॅटर्नसाठी आलेलं नव्हतं, एवढाच फरक.

शाळा मी विचार करून निवडली, आणि कशी निवडली ते सांगणं गरजेचं आहे, कारण इथंच बहुतेक पालक फसतात. कायद्याचं पाचवं कलम असं की मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, कारण कोणतंही असो. पण हा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरताच आहे. विनाअनुदानित शाळेच्या दारात जाऊन 'हक्क' म्हणून उपयोग नाही. दुसरं, शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का ते आधी बघावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं अशा शाळा या कायद्यातून बाहेर आहेत, मग त्या अनुदानित असोत की नसोत. शेजारच्या एका गृहस्थानं सुचवलेल्या शाळेला असा दर्जा होता, ती सोडून दिली. तिसरं म्हणजे इयत्ता. ते शेवटी सांगतो.

निवडली ती अनुदानित, सेमी इंग्रजी, पाचवी ते दहावी, घरापासून सायकलच्या अंतरावर. बाहेर फलकावर दहावीला नव्वदच्या वर टक्के पडलेल्यांचे फोटो. अशा शाळेला पोरांची ददात नसते. नाहीतर संचमान्यतेपायी, म्हणजे पट कमी झाला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो म्हणून, मे महिन्याच्या उन्हात घरोघर जाऊन पोरं गोळा करणारे शिक्षक मी पाहिलेत, त्यांच्यातला मीही एक. इथं उलटं होतं. तरी आठवीच्या तुकडीत जागा असल्याचं क्लार्कनंच सांगितलं. फॉर्म दिला, मी भरला, त्यानं फोटो स्टेपल केला, आधार कार्डाची झेरॉक्स लावली. मग दाखला हातात घेतला आणि वाचता वाचता थांबला. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं काही न बोलता फॉर्मवरच्या स्टेपलची पिन नखानं उचकटली, फोटो काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, फोटो वाया कशाला घालवायचा. दुसरीकडं कामाला येईल."

मुख्याध्यापकांनी आत बोलावलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. "तुमचं एक लेकरू आहे गुरुजी, माझ्याकडं वर्गात साठ आहेत. उद्या काही झालं तर त्यांचे आईबाप माझ्याच टेबलावर येणार. आणि इथलं नाव तुम्हाला माहीतच आहे." मी म्हणालो, "मग तसं लिहून द्या, वर्तणुकीच्या कारणावरून प्रवेश नाकारला म्हणून." ते हसले. "तोंडी सांगितलं की, लिहून कशाला पाहिजे?"

कशाला, ते त्यांनाही माहीत होतं. प्रवेश नाकारलेला कागद मी माझ्या नोकरीत कधी पाहिला नाही. 'जागा फुल झाल्या', 'संस्थेला विचारून कळवतो', 'दोन दिवसांनी या' असंच सगळीकडं चालतं, आणि दोन दिवसांनी जून संपलेला असतो. मुलांची निवड करून प्रवेश द्यायला तेराव्या कलमानं बंदी आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. त्यामुळं नकार हवेत ठेवलेला बरा. मला तो कागदावर आणायचा होता.

घरी जाऊन अर्ज लिहिला. एका पानाचा. त्यात भावनेचा शब्द घातला नाही. अमुक विद्यार्थी, इयत्ता आठवी, पाचव्या कलमाखाली बदलीने प्रवेश मागितला, अमुक तारखेला फॉर्म भरून घेऊन परत केला, प्रवेश द्यावा किंवा नाकारण्याचं कारण लेखी द्यावं. सुतळी बॉम्बचाही उल्लेख केला, एका वाक्यात. लपवून ठेवलं असतं तर पुढं तेच आमच्यावर उलटलं असतं. अर्ज घेऊन गेलो तर क्लार्क आवक रजिस्टरवर घेईना. "साहेबांना विचारून पोच देतो." साहेब मीटिंगला. मग बाहेर पडून तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला आणि पावती फायलीला लावली. टपाल आलं की शाळेला घ्यावंच लागतं, आणि घेतलं की ते आवक रजिस्टरला चढतं.

तिकडं पोराचं नाव कुठंच नव्हतं. आता हजेरीपट म्हणजे नुसता कागद राहिलेला नाही. प्रत्येक मुलाची नोंद यू-डायसच्या पोर्टलवर असते. जुन्या शाळेनं त्याला तिकडून सोडलं की तो 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जातो आणि नव्या शाळेनं ओढून घेईपर्यंत तिथंच पडून राहतो. शिक्षक लोक सर्रास म्हणतात, "ते पोरगं ड्रॉपबॉक्सला आहे." जूनच्या मध्याला शाळा भरल्या. गल्लीतली पोरं सकाळी दप्तरं घेऊन निघायची आणि आमचं ड्रॉपबॉक्समधलं पोरगं आजीबरोबर शेंगा फोडत बसायचं. पहिले काही दिवस त्याला मजा वाटली. नंतर तो सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागला, गल्लीतली पोरं निघून गेल्यावरच उठायचा.

मध्ये एका ओळखीच्या माणसानं संस्थेच्या सचिवांकडं नेलं. म्हणाला, "कागदं कशाला करताव, सचिव आपले आहेत." सचिवांच्या खोलीत भिंतीवर निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा फोटो होता. आमच्या मराठवाड्यात तो पुष्कळ संस्थांत असतो, आणि असायलाच पाहिजे. सचिव बोलता बोलता म्हणाले, "काढून टाकलेली पोरं घ्यायला लागलो तर उद्या आम्हाला उकिरडा म्हणतील." मला राहवलं नाही. फोटोकडं बोट करून म्हणालो, "१९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून निजामानं पोरं वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढून टाकली, औरंगाबादेतली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली. त्यांनाही बेशिस्तच ठरवलं होतं. नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. नसतं घेतलं तर आपल्याकडची एक पिढी अर्धवट शिकून बसली असती. पी. व्ही. नरसिंह राव त्याच काढून टाकलेल्या पोरांतले."

सचिव शांतपणे म्हणाले, "गुरुजी, त्यांनी वंदे मातरम् म्हटलं होतं. तुमच्या नातवानं मुतारी उडवली."

यावर मला उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दाखला चोख बसला नाही. पण सचिव पुढं असंही म्हणाले की अशा पोरांची जागा सुधारगृहात असते, तेव्हा मात्र मी सोडलं नाही. खरोखरच गुन्हा केलेल्या मुलाबद्दल कायदा काय म्हणतो ते त्यांना सांगितलं. २०१५ चा बाल न्याय कायदा अशा मुलाला गुन्हेगार न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. नव्यानं सुरुवात करण्याची संधी हे त्या कायद्याचं एक तत्त्वच आहे. गुन्हा शाबीत झाला तरी त्यापायी मुलाला पुढं कुठं अपात्र ठरवता येत नाही (सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालला तर गोष्ट वेगळी), आणि प्रकरण मिटलेलं असेल तर पोलिसांनीही चारित्र्याच्या दाखल्यासाठी ते उघड करायचं नसतं. म्हणजे न्याय मंडळापुढं उभ्या राहिलेल्या पोराचा मागचा कागद बंद होतो, आणि जे पोरगं पोलीस ठाण्याची पायरीही चढलं नाही, त्याच्या दाखल्यावर एक शब्द कायमचा. हे कुठलं गणित? सचिवांनी घड्याळाकडं बघितलं. ओळखीचा माणूस परत जाताना माझ्यावर चिडला होता.

मग बत्तिसावं कलम. त्यात पालकानं स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे जिल्हा परिषदेकडं किंवा महापालिकेकडं, लेखी तक्रार करायची. त्यांनी दोन्ही बाजूंना बोलण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. तीन महिने म्हणजे सहामाही परीक्षा आली. म्हणून तक्रारीत वेगळा परिच्छेद करून लिहिलं की निर्णय होईपर्यंत विद्यार्थ्याला तात्पुरतं वर्गात बसू द्यावं. पंधराव्या कलमानं उशिरा आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, ते जोडलं. अर्जाची प्रत, स्पीड पोस्टाची पावती, दाखल्याची झेरॉक्स. तक्रार आवकला दिली, प्रतीवर शिक्का घेतला आणि त्याचीच एक प्रत शाळेला पाठवली.

यानंतर जे झालं ते नाट्यमय नाही. विस्तार अधिकाऱ्यांचा शाळेला फोन गेला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, की तुम्ही या मुलाला प्रवेश नाकारला आहे का, आणि नाकारला असेल तर तसा खुलासा लेखी पाठवा. लेखी म्हटल्यावर कुणाला तो लिहायचा नव्हता. 'नाकारला' लिहावं तर पाचवं आणि तेरावं कलम, 'नाकारला नाही' लिहावं तर पोरगं घरी का? दुसऱ्या दिवशी सकाळी क्लार्कचाच फोन आला. "गुरुजी, तो फोटो आहे ना अजून?"

प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांनी एक हमीपत्र पुढं केलं. पुन्हा कोणतीही तक्रार आल्यास पालक स्वतःहून दाखला काढून नेतील, असा मजकूर. नांदेडचाच कागद, लातूरच्या लेटरहेडवर. मी सही केली नाही. त्याऐवजी माझ्या हातानं दुसरं लिहून दिलं. दर शनिवारी शाळा सुटताना मी वर्गशिक्षकांना भेटेन, तक्रार असेल ती त्याच दिवशी ऐकून घेईन, नुकसान झालं तर भरून देईन आणि मुलाला शाळेनं दिलेली कायदेशीर शिक्षा मान्य असेल. एवढं कायद्यानं माझ्याकडं कुणी मागू शकत नव्हतं. पण मुख्याध्यापकांच्या साठ पोरांचा प्रश्न खरा होता, आणि त्यावर काही न देता नुसतं कलम आपटून बाहेर पडणं मला जमलं नसतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि फायलीला लावला. जाताना म्हणाले, "शनिवारचं विसरू नका."

विसरलो नाही. वर्गशिक्षिका तरुण आहेत, विज्ञान शिकवतात. पहिल्या शनिवारी त्यांनी पोराबद्दल काही सांगितलं नाही, उलट मलाच विचारलं, "त्याला आवाज बघायचा होता म्हणजे काय हो?" पुढं ध्वनीचा धडा आला तेव्हा त्यांनी त्याला प्लास्टिकचे पाइप कापून वेगवेगळ्या लांबीच्या शिट्ट्या करायला लावल्या. ऐकायला गोड वाटतं, पण त्यानं पोरगं बदललं असं काही नाही. पोळ्याच्या सुमारास त्यानं एका मुलाच्या दप्तरात बेडूक घातला आणि मला मंगळवारीच बोलावणं आलं. तो मुलगा घाबरून रडला होता. आमच्या नातवाला दोन आठवडे बागेला पाणी घालायची शिक्षा झाली. दाखल्याचा विषय कुणी काढला नाही.

उदगीरच्या एका बाईंचा मध्यंतरी फोन आला. त्यांच्या मुलाचं असंच काहीसं, मारामारीचं. मी पहिला प्रश्न विचारला, "कितवीत आहे?" नववीत, म्हणाल्या. मग मला सांभाळून बोलावं लागलं. या कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच आहे. नववीला माध्यमिक शाळा संहिता लागते आणि तिथं पालकाचा हात इतका वर राहत नाही. त्यांना मी शाळा व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्यायला सांगितलं, पोच घ्यायला सांगितलं, आणि शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय लातूरलाच आहे तेही सांगितलं. पुढं काय झालं ते अजून कळलं नाही.

इयत्तेचं मी मघाशी म्हटलं ते यासाठी. आमच्याकडं हातात एकच वर्ष होतं. लातूरला आठवीपर्यंतच्याही चांगल्या शाळा आहेत, त्यातली एक तर आनंदानं घ्यायला तयार होती. पण तिथं घातलं असतं तर वर्षानं पुन्हा दाखला, पुन्हा नवं ऑफिस, आणि यावेळी कलमं नाहीत. पाचवी ते दहावीच्या शाळेत आठवीतून नववीत जाताना दाखला काढावाच लागत नाही. निकाल लागला की वर्गाची खोली तेवढी बदलते. जूनमध्ये ती बदलली, वरच्या मजल्यावर गेली.